पायरीवर ठरलेलं

लोकरीत धूर मुरतो. सुतात तो नुसता बसतो आणि पहिल्या पाण्यात उठून जातो.

•

आबांच्या वरच्या खिशातली सिगारेट मळून पिवळी पडली आहे. डॉक्टरांनी बंदी घातल्यापासून ते तीच एक रोज मागच्या पायरीवर घेऊन जातात, ओठांत धरतात आणि न पेटवता परत आणतात.

•

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फोन ठेवताना 'बरं' सुद्धा म्हटलं नाही.

•

टेप घेऊन आलेला माणूस काकूला म्हणाला, "जरा सरकता का? तुमच्या टेबलामागची भिंत मापायची आहे."

•

चिमटी लहान असताना लॉन्ड्रीत येईल त्याला कपड्यांचे चिमटे लावत फिरायची. बाहीला, कानाला, एकदा तर हॉटेलच्या मॅनेजरच्या टायला. नाव तिथून पडलं.

•

शाळेचं निळं जॅकेट. लोकरीचं. डाव्या बाहीच्या काठाला मोहरीएवढं भोक.

•

आज रविवार. बॉयलर गार आहे.


*वेगळं धुवावं*

रविवारी लॉन्ड्री बंद असते आणि घरातले सगळे खाली घडीच्या टेबलाभोवती जेवतात. वर, राहत्या खोल्यांत, सगळी माणसं एका वेळी बसतील अशी जागा नाही. खाली मात्र पलंगाएवढं टेबल आहे. आठवडाभर त्यावर हॉटेलांच्या चादरी दोघं दोघं मिळून ओढतात, झटकतात आणि दुमडतात. रविवारी त्यावर एक पांढरी चादर येते आणि ताटं. घरातली लग्नं, आजारपणं, रुसवेफुगवे, सगळी बोलणी याच टेबलावर झाली. निदान काकूला इतकी वर्षं तसं वाटत आलं होतं.

जेवणं झाली तशी काकांनी खुर्ची मागे सारली.

"जरा पायरीवर जाऊन येतो."

चिमटीचे बाबा उठले. आबा टेबलाचा काठ धरून उठले. लंबू, म्हणजे काकूचा मुलगा, मोबाईल खिशात घालत सगळ्यांच्या मागून निघाला. दार उघडलं, बंद झालं. टेबलापाशी राहिल्या काकू, चिमटीची आई, चिमटी आणि खरकटी ताटं.

"पोट भरलं का गं?" काकूने विचारलं.

चिमटीने मान हलवली, हो की नाही ते कळू नये अशी. आठवडाभर ती एवढंच बोलत होती. तिच्यासमोर कापडी रुमाल होता आणि तिची बोटं त्याचा पंखा करत होती, हॉटेलवाल्यांना लागतो तसा. बोटं थांबली की पंखा मोडायचा आणि पुन्हा सुरुवात.

"तोंडाला कुलूप लावून बसलीय," आई म्हणाली. "बोललं तर ज्याने सिगारेट शिकवली त्याचं नाव सांगावं लागेल ना."

"त्या मैत्रिणीने नाही शिकवलं, एवढं तर कळलं."

आईने ताट जरा जोरात दुसऱ्या ताटात ठेवलं. आई चौकातलं औषधांचं दुकान सांभाळते. तिथूनच तिने सोमवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना, तुमची मुलगी माझ्या मुलीला बिघडवते, असं सांगितलं होतं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं होतं की आमच्या मुलीला दमा आहे, धुराच्या खोलीत ती उभीही राहू शकत नाही. आणि तिचा पंप तुमच्याच दुकानातून नेतो आम्ही.

"ती नसेल तर दुसरी कोणी," आई म्हणाली. "शाळेबाहेर टोळकंच असतं. सिनेमात तेच, मोबाईलमध्ये तेच. चांगली अभ्यास करणारी मुलगी अशी आपली आपण ओढायला लागते का? म्हणून म्हणते, वहिनी, माझ्या बहिणीकडे पाठवू. तिकडची शाळा कडक आहे. इथलं सगळं सुटेल."

काकूला यावर काही बोलायचं होतं, पण तोंड उघडायला तिला अवघड जात होतं. जॅकेटचं आईला सांगणारी तीच. आठवड्याच्या धुण्यात ते आलं तेव्हा पाठीला धुराचा वास नव्हता, कॉलरला नव्हता. होता फक्त डाव्या बाहीच्या काठाला, आणि घरात डावखुरी एकटी चिमटी. आईला सांगायला हवं म्हणून सांगितलं. त्यातून मुलगीच घराबाहेर जाईल, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

चिमटीला जायचं नव्हतं. हे विचारायची गरजच नव्हती. शाळेतून आली की दप्तर टाकून ती थेट घडीच्या टेबलाशी येते. कुठल्या हॉटेलची चादर कुठली, हे तिला काठावरच्या दोऱ्यावरून कळतं. मोठी झाल्यावर काय करणार, असं कोणी विचारलं की ती नुसतं भोवती हात फिरवून दाखवते. लंबूला विचारलं की तो दार दाखवतो.

रुमालाचा पंखा पुन्हा मोडला.


*(त्याच वेळी, दाराच्या पलीकडे)*

काका : पाठवून टाक. दोन वर्षं म्हणजे काय जातंय.

बाबा : तिच्या आईचंही तेच आहे. बहिणीकडे म्हणते ती.

काका : बहिणीकडे नको, तिथे जागा कुठे आहे? वसतिगृहात घाल. शिस्त लागेल. काय आबा?

आबा : (न पेटवलेली सिगारेट ओठांत) हं.

काका : लंबू गाडीने सोडून येईल.

लंबू : मी?

काका : मग काय मी? महिनाअखेरीला धुण्याचं नवं मशीन येतंय, मी हलू शकत नाही.

(पायरीवर ऐसपैस तिघं मावतात. लंबू भिंतीला टेकून उभा आहे. त्याला कॉलेज संपलं की कुठेतरी लांब जाऊन फोटो काढायचे आहेत. ते त्याने इथे अजून सांगितलेलं नाही. धुराची दोन वलयं मात्र तो सुरेख सोडतो.)

बाबा : आणि वहिनी डाग काढतात त्या टेबलाचं त्यांना सांगितलंस का, दादा?

काका : सांगेन. टेबल उचलल्याशिवाय मशीन बसत नाही, त्याला मी काय करू? डाग बाहेरून काढून आणता येतात हल्ली.

बाबा : चिडतील.

काका : मग चिडल्यावर बघू. चल, संपली माझी.


*पिळू नये*

दार उघडलं आणि चौघं आत आले. त्यांच्याबरोबर नेहमीचा वास आला. या घरातल्या नाकांना तो वास म्हणून कधी लक्षातच येत नाही, जसा स्वतःच्या घराचा कोणालाच येत नाही.

"ठरलं," बाबा खुर्ची ओढत म्हणाले. "एक तारखेला निघायचं. लंबू सोडून येईल. तुझ्या बहिणीकडे गर्दी होईल, वसतिगृहातच ठेवू."

आईच्या हातात ताटांची चळत होती. तिला हवं तेच झालं होतं. ती आठवडाभर हेच मागत होती, आदल्या रात्री उशीवर डोकं टेकतानाही तिने हेच म्हटलं होतं. तरी तिने चळत टेबलावर परत ठेवली.

"कोणी ठरवलं?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"म्हणजे... बोललो ना आत्ता."

"कुठे?"

बाबांनी अंगठ्याने मागचं दार दाखवलं. दाखवताना त्यांना काही चुकतंय असं वाटलं नव्हतं. अंगठा परत येईपर्यंत वाटायला लागलं.

"मी इथे होते," आई म्हणाली. "इथेच. ताटं गोळा करत होते. मुलगी माझी, बहीण माझी, बेत माझा. आणि वसतिगृह तुम्ही ठरवलंत? एका सिगारेटीत?"

"अगं, तुझंच तर म्हणणं होतं पाठवायचं," काका म्हणाले.

"हो ना, भाऊजी. मग माझं म्हणणं मला न विचारता मान्य कसं झालं?"

काका बॉयलर दुरुस्त करणारे. नळी कुठे फुटली हे त्यांना आवाजावरून कळतं. इथे आवाज येत होता आणि नळी सापडत नव्हती.

"म्हणजे पाठवायचं की नाही पाठवायचं?" त्यांनी विचारलं.

तेव्हा चिमटी हसली. आठवड्यातलं पहिलं हसू, आणि तेही असं मोठ्याने की गार बॉयलरच्या पत्र्यावरून घुमून परत आलं.

"हसायला काय झालं?" बाबा म्हणाले.

"काही नाही. म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"म्हणूनच ओढली."


*आतून इस्त्री करावी*

हे असं सांगायचं तिने ठरवलं नव्हतं. तिने ठरवलं होतं की काहीच सांगायचं नाही. पाठवतील तर पाठवू देत, दोन वर्षांनी परत येऊ आणि तेव्हा कोणाला विचारणारच नाही. पण आई चळत ठेवून उभी राहिली आणि तिने 'कुठे' असं विचारलं. हा प्रश्न आजवर या टेबलापाशी कोणी विचारला नव्हता.

"मला कोणी शिकवलं ते विचारताय ना," चिमटी म्हणाली. "टोळक्याने नाही. सिनेमाने नाही. मोबाईल तर आईने सोमवारपासून काढून घेतलाय, तरी मला रोज दुपारी हवीशी वाटतेच. मी पायरीवर शिकले."

"कुठली पायरी?" काका म्हणाले.

"आपल्याला एकच आहे, काका."

तिने रुमाल सोडला आणि दोन्ही तळवे टेबलावर टेकवले.

"मी रोज इथे घडी घालते. तुम्ही 'पायरीवर जाऊन येतो' म्हणता. येता तेव्हा काहीतरी ठरलेलं असतं. दवाखान्याचं काम घ्यायचं नाही. इस्त्रीवाल्या बाईंना सकाळची पाळी. पांढऱ्याला वेगळी पावडर. मी विचारायची, कधी ठरलं? तर म्हणायचे, मघाशी. मघाशी मी इथेच तर होते! एकदा मुद्दाम चहा घेऊन बाहेर गेले, तर सगळे गप्प. काका, तुम्ही काय म्हणालात आठवतंय?"

काकांना आठवत नव्हतं.

"म्हणालात, ठेव आणि जा, धूर लागेल. बरोबरच आहे. लागतो. पण लंबू माझ्याएवढा झाला तेव्हा तुम्ही त्याला हाक मारलीत. 'ये, बस. मोठा झालास.' तेव्हा नाही लागला धूर? त्याला तर लॉन्ड्री नकोच आहे."

"ए," लंबू म्हणाला.

"तुला नकोय. सांग ना एकदा. तुला फोटो काढायचेत."

"फोटो?" काका म्हणाले.

"नंतर बोलू ते," लंबू पुटपुटला.

"मला वाटलं, हाच रस्ता असतो," चिमटी म्हणाली. "आधी ओढायची, मग बसायचं, मग विचारतात. म्हणून सराव केला. दुपारी तुम्ही माल पोचवायला जाता तेव्हा. म्हटलं, येत असेल तर नाही म्हणायला कारण उरणार नाही."

काका लंबूकडे वळले. त्यांचा आवाज चढला तो एकदम वरच्या पट्टीत. "तू दिलीस हिला?"

"मागितली तिने."

"मागितली म्हणून दिलीस? अक्कल गहाण टाकलीस?"

"मला तर न मागता दिली होतीत."

काकांनी सवयीने मदतीसाठी आबांकडे पाहिलं. आबांनी छतावरच्या वाफेच्या पाइपांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" आबा म्हणाले. "मी तुला दिली होती ती तुला सर्दी झाली होती म्हणून."

काकू हसू दाबायला गेली आणि तिला ठसका लागला. आईसुद्धा ओठ आवळून उभी होती. चिमटीला वाटलं, आता इथेच थांबावं. सगळे जरा सैल झालेत, आता थांबलं तर निभावून जाईल. पण ती काकूकडे पाहत होती, आणि काकू ठसक्याने ओले झालेले डोळे पुसत होती, आणि काकूच्या मागे खिडकीखाली तिचं टेबल होतं, अरुंद, लांबट, त्यावर बाटल्या आणि बारीक ब्रश, आणि वर भिंतीवर काकांनीच लाल रंगात रंगवलेली पाटी.

"पहिली ओढली तेव्हा ओकले," चिमटी म्हणाली. "नळाशी जाऊन. दुसरी ओढली तेव्हा लंबूने सांगितलं की काकूचं टेबल काढणार आहेत."


*जोराने घासू नये*

काकूचे डोळे पुसायचे राहिले.

गेल्या आठवड्यात तो टेपवाला माणूस आला होता. तिने नवऱ्याला विचारलं होतं, हा कशाला? तर उत्तर मिळालं होतं, भिंतीला रंग द्यायचाय. तिने मनातल्या मनात रंगही निवडून ठेवला होता. फिकट हिरवा, म्हणजे डाग उठून दिसतात.

"अहो," ती म्हणाली. "रंग द्यायला टेप लागते का?"

काका टेबलावरच्या चादरीची सुरकुती सरळ करायला लागले.

"सांगणारच होतो मी."

"कधी?"

"मशीन आल्यावर."

"मशीनच्या आधी की मशीनखाली चिरडल्यावर?"

"वहिनी, दादाचा तसा काही..." बाबा म्हणायला लागले.

"तुम्हाला माहीत होतं, भाऊजी?"

बाबांनी मान डोलावली.

"आबा, तुम्हाला?"

आबांनी खिसा चाचपला.

"याला माहीत होतं," काकू लंबूकडे बोट दाखवत म्हणाली, "माझ्या पोटच्या पोराला माहीत होतं, ज्याला चादर आणि टेबलक्लॉथ यातला फरक कळत नाही." मग ती चिमटीकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला. "आणि तुलाही होतं. माझ्याशेजारी उभी राहून घड्या घालत होतीस."

"कसं सांगणार? कुठे कळलं ते सांगावं लागलं असतं." चिमटीची मान खाली गेली, मग पुन्हा वर आली. "तू पण जॅकेटचं आईला सांगितलंस. मला न विचारता."

"सांगितलं."

"राग आला होता मला."

"येणारच. मलाही आलाय आत्ता."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. या घरात जॅकेट डाव्या बाहीवरून ओळखणारी एक होती आणि चादर दोऱ्यावरून ओळखणारी दुसरी.

"फिटलं," काकू म्हणाली.

"फिटलं," चिमटी म्हणाली.

आता काकू रडेल असं बाबांना वाटलं. आता ती भांडी आपटेल असं काकांना वाटलं आणि ते त्याला तयार होऊन बसले. आई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. घरात आल्यापासून या दोघी जावांचं फार गुळपीठ नव्हतं, पण त्या क्षणी कोणी काकूला काही बोललं असतं तर आईने त्याला सोडलं नसतं.

काकूने हात धुतले. कोरडे केले. मग ती तिच्या टेबलाच्या एका टोकाशी जाऊन उभी राहिली.

"उचला," ती काकांना म्हणाली.

"काय?"

"टेबल. काढायचंच आहे ना? तुम्ही ती बाजू धरा."

"आज?"

"आज सुट्टी आहे. उद्यापासून कोणाला वेळ आहे? लंबू, बाटल्या घे. आडव्या करू नकोस. भाऊजी, ती पाटी काढा."

"पाटी कशाला?"

"टेबलाची आहे ती. टेबल जाईल तिथे पाटी जाईल."


*सावलीत सुकवावं*

आबा खुर्चीत बसून हे पाहत होते. त्यांच्या आयुष्यात त्यांनी या लॉन्ड्रीत बरंच काही हलताना पाहिलं होतं. पहिलं हाताने फिरवायचं धुण्याचं पिंप, दुसरा बॉयलर, लाकडी इस्त्रीपाट. प्रत्येक वेळी हलवणारा काय करतोय हे हलवणाऱ्याला ठाऊक असायचं. आज फक्त काकूला ठाऊक होतं. त्यांचा थोरला मुलगा टेबलाचं टोक धरून उलटा चालत होता आणि दर दोन पावलांनी विचारत होता, "वर न्यायचं का? माळ्यावर?"

"सरळ."

"सरळ तर दार आहे."

"दारच."

"बाहेर?"

"बाहेर. उंबरा सांभाळा. हां, आता खाली. नाही, नाही, अजून पुढे. भिंतीला लावा."

टेबलाचे चारही पाय पायरीवर नीट बसले. आबांना नवल वाटलं नाही. दगड चांगला लांब होता आणि टेबल अरुंद. वर पत्र्याचं छप्पर होतं, पावसाची चिंता नव्हती. उजेड थेट येत होता, खिडकीतून यायचा त्याच्या दुप्पट. काकूने स्टूल आणलं, बसून पाहिलं, एक टेबलक्लॉथ पसरला. त्यावर कोणाच्या तरी ओठांची लाल रेघ होती. स्पिरिटची बाटली उघडली, कापूस बुडवला आणि कडेकडून आत टिपायला लागली.

"खिडकीपाशी डोकं दुखायचं या वासाने," ती म्हणाली. "इथे उडून जातो. मला कोणी आधी का नाही सांगितलं?"

पुरुषमंडळी अंगणात उभी होती. पायरीचं एक टोक तेवढं मोकळं होतं, सगळे बसतील एवढी जागा नव्हती. एवढं ओझं वाहिल्यावर माणूस जे करतो ते करायला काकांनी खिशातून पाकीट काढलं, एक सिगारेट ओठांत ठेवली आणि काडेपेटी हातात घेतली.

"अहं," काकू म्हणाली. मान वर न करता.

"काय?"

"भाऊजी, पाटी लावा तिथे खिळ्याला."

बाबांनी पाटी लावली. लाल अक्षरं जुनी झाली होती तरी लांबून वाचता येत होती. येथे आग आणू नये.

"स्पिरिट आहे," काकू म्हणाली. "दारापासून त्या नळापर्यंत काडी ओढायची नाही. नियम तुमचाच. अक्षरही तुमचंच."

काकांनी पाटीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, काडेपेटीकडे पाहिलं. भिंत मापून घेतली होती, मशीन मापून घेतलं होतं, दारातून आत येईल का तेही मापून घेतलं होतं. आबांच्या पोटात हसू हलायला लागलं, ते वर यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्यात खोकला मिसळलेला होता.

"मग आम्ही बसायचं कुठे?" बाबांनी विचारलं. खरंच प्रश्न पडल्यासारखं.

"घडीच्या टेबलाशी," आई दारातून म्हणाली. "सगळे तिथेच बसतात. आपली मघाशी एक गोष्ट अर्धी राहिलीय. या आत."

सगळे आत आल्यावर आबा खुर्चीतून उठून पायरीवर गेले. खिशातली पिवळी सिगारेट त्यांनी काकूला दाखवली.

"माझी पेटत नाही. मी इथे बसलो तर चालेल?"

"बसा की, आबा. पण काही ठरवायचं असलं तर आत."


आत सगळे बसल्यावर आईने चिमटीला समोरच्या खुर्चीत बसवलं. काकू हातातला कापूस टाकून आली.

"आता इथे," आई म्हणाली. "सगळ्यांसमोर. आधी तू सांग. जायचंय की नाही?"

"नाही."

"राहून काय करणार?"

"शाळा. आणि घडीऐवजी डागाचं काम शिकायचंय. आणि यापुढे मशीन घेताना मलाही विचारायचं. मी 'हो'च म्हणेन असं नाही."

"बापरे," काका म्हणाले.

"आणि सिगारेट?" आईने विचारलं.

सोडली, असं म्हणणं सोपं होतं आणि सगळ्यांना तेच हवं होतं.

"मला अजून हवीशी वाटते. शाळा सुटली की. तुम्ही विचारायला लागलात तरी ती काही लगेच जाणार नाही."

"नाहीच जाणार," आई म्हणाली, आणि तिचा आवाज दुकानातल्यासारखा झाला, स्वच्छ, घाई नसलेला. "काही दिवस डोकं दुखेल. चिडचिड होईल."

"ती आधीपासूनच आहे," बाबा म्हणाले.

"तू गप्प बस. तुझीही होणार आहे, कारण तू तिच्याबरोबर सोडणार आहेस." बाबांनी 'मी?' म्हणायला तोंड उघडलं, लंबूसारखंच. मग पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यावरचा हात मात्र लगेच काढला नाही. "शाळा सुटली की घरी यायच्या आधी दुकानात ये," आई चिमटीला म्हणाली. "तल्लफ आली की माझ्यासमोर बस. शिव्या दे मला, चालेल."

"आणि तू दातांच्या बाईंना फोन करायचा."

आईचा चेहरा पडला. "करते."

"आत्ता."

"रविवार आहे गं."

"आत्ता, आई."

आईने फोन उचलला. पलीकडे घंटी वाजत असताना तिने केस नीट केले, जसं काही दिसणार होतं.

"मी सोडणार नाही, आधीच सांगतो," काका म्हणाले. "मी रस्त्यावर जाऊन ओढेन."

"खुशाल," काकू म्हणाली. "एकटे."

आईचा फोन उचलला गेला होता. "हॅलो," ती म्हणाली, "मी औषधांच्या दुकानातून... नाही, घरातून बोलतेय. माझं चुकलं, ते सांगायला." चिमटी ऐकत होती. तिची बोटं पुन्हा रुमालाकडे गेली होती. या खेपेला पंखा उभा राहिला.

फोन संपल्यावर काकू तिला बाहेर घेऊन गेली. निळं जॅकेट तिसऱ्यांदा धुऊन तारेवर वाळत होतं. काकूने बाही नाकाशी धरली, मग चिमटीच्या नाकाशी.

"गेला," चिमटी म्हणाली.

"धूर गेला. भोक आहे तिथेच आहे. रफू करावं लागेल. बस, दाखवते."

आबांनी सरकून जागा दिली.

ही पायरी आबांच्या आईने घालून घेतली होती, ओल्या चादरींचं टोपलं टेकवायला.